अंथरलेलं वर्तमानपत्र

परवा वहिनीकडे आयर्लंडच्या टीव्हीवरच्या एका विनोदी जोडीचा प्रवेश पाहिला. एक नट श्रीमंत बाई झाला होता, दुसरा प्लंबर. "अगदी आपलंच घर समजा हं," असं लाडिक बोलत ती बाई प्लंबर बसायच्या आत खुर्चीवर झटकन वर्तमानपत्र अंथरते. आम्ही हसून हसून बेजार झालो.

"काय बाई ही माणसं!" वहिनी डोळे पुसत म्हणाली.

सातासमुद्रापलीकडचा कोतेपणा किती चटकन कळतो आपल्याला! बाई तिथली, खुर्ची तिथली. आपण नुसते प्रेक्षक. असलं हसणं आपल्याला झोंबत नाही, म्हणून तर ते इतकं मोठ्यानं येतं.

तेवढ्यात भांडी घासून लताबाई पदराला हात पुसत दाराशी आल्या. कितीतरी वर्षं त्या या घरी कामाला येतात. वहिनी मायेनं म्हणाली, "या ना लताबाई, बसा. तुमच्यासाठी परत लावते."

सोफ्यावर माझ्या शेजारी भरपूर जागा होती. लताबाई सवयीनं दाराजवळ फरशीवर बसल्या. पडद्यावर वर्तमानपत्र अंथरलं गेलं, तशा त्या खळखळून हसल्या. आम्हीही पुन्हा हसलो.

आमच्याकडे वर्तमानपत्र अंथरावंच लागत नाही.