आक्कांच्या कपाटाच्या चार झडपा

फक्रुद्दीन मिस्त्रींना माणसांचा राग येत नाही, फक्त मोबाइलचा येतो, असं ते स्वतः सांगतात. त्यात काही तथ्य नाही. त्यांना दोन्हींचा येतो, आणि एखादा माणूस मोबाइल पुढं धरून "मामा, अस्सं पायजे" म्हणाला की एकदमच येतो. कोल्हापुरात बिंदू चौकामागच्या बोळात त्यांचं सुतारकामाचं दुकान आहे. वय बासष्ट. चौदाव्या वर्षी वडिलांनी हातात रंधा दिला, तो अजून सुटलेला नाही. आजवर किती दारं बसवली हे त्यांना सांगता येणार नाही, पण कुठलं दार कुणी बिघडवलं ते तोंडपाठ आहे. रोज जेवताना ते बायकोला, कुलसुमला, ऐकावं लागतं. ती म्हणते, "ताटावर बसून दारं उघडू नगा, भाकरी गार होती."

गेली दोन वर्षं या गाऱ्हाण्यांत फुलेवाडीच्या आदर्शच्या दाराचा नंबर पहिला होता. आदर्श एमआयडीसीत सुपरवायझर. वडील वारल्यावर त्यानं आईला, बाळाबाईंना, मुरगूडहून आणलं आणि फ्लॅटमधली मागची लहान खोली दिली. बाळाबाईंना सगळं जग आक्काच म्हणतं. त्या खोलीत कॉट आणि भिंतीतलं कपाट यांच्यामध्ये जेमतेम दीड फूट जागा. कपाटाला नेहमीची दोन मोठी दारं लावली तर ती कॉटवर आपटणार. म्हणून आदर्शनं मोबाइलवर कुठल्याशा परदेशी घरातलं कपाट दाखवलं. त्याला चार झडपा, दोन-दोन एकमेकींना जोडलेल्या, वरच्या ट्रॅकमध्ये चाकांवर लटकवलेल्या. मध्ये ओढलं की घडी पडून बाजूला सरकणार.

"हे बगायला झ्याक हाय, वापरायला न्हाई," मिस्त्री म्हणाले. "चाकं उतरत्यात ह्याची."

"व्हिडिओत न्हाईत उतरत," आदर्श म्हणाला.

आता व्हिडिओपुढं शेहेचाळीस वर्षांच्या हाताची काय मातब्बरी! मिस्त्रींनी दात-ओठ खात दार बसवलं. आदर्शनं ते ऐटीत उघडलं, त्याच्या बायकोनं, अनुजानं, फोटो काढला आणि आक्कांनी सगळ्यांना चहा दिला.

दोन महिने गेले नाहीत तोवर फोन. "मामा, दार अडकलंय." मिस्त्री दुकानाला कुलूप घालून, गाडीला किक मारून फुलेवाडीला. चाक ट्रॅकमधून उतरलेलं. ते बसवायचं, तेल सोडायचं आणि तीनदा उघडून-लावून दाखवायचं. "बगा आक्का, कसं पळतंय." आक्का "व्हय बाबा" म्हणायच्या आणि चहा ठेवायला उठायच्या. पुन्हा तीन-चार महिन्यांनी तेच. परत येताना मिस्त्री गाडीवर मोठमोठ्यानं बोलायचे. लोकांना दार वापरायची अक्कल नाही. आधी दामटायचं आणि मग बोंबलायचं. सिग्नलला शेजारच्या गाडीवरची माणसं दचकून बघायची.

यंदा फेब्रुवारीत सातव्यांदा फोन आला तेव्हा त्यांचं डोकंच फिरलं. त्यात आदर्श म्हणाला, "मामा, आता सरकतं आरशाचं करूया काय? व्हिडिओ पाठवलाय बगा." आरशाची एवढी धोंड म्हातारी कशी ढकलणार, हे त्या शहाण्याला विचारण्यात अर्थ नव्हता. मिस्त्रींनी व्हिडिओ न बघता फोन खिशात कोंबला आणि निघाले.

आदर्श आणि अनुजा दोघंही कामावर गेले होते. आक्कांनी दार उघडलं. मागच्या खोलीत पाऊल टाकलं आणि मिस्त्रींच्या कपाळाची शीर उडायला लागली. खुर्चीवर लुगड्यांचा ढीग, कॉटखाली प्लॅस्टिकच्या टबात शाली आणि स्वेटर, खिडकीच्या गजाला औषधांची पिशवी. आणि कपाट बंद.

"आक्का, भिंतभर कपाट करून दिलंय नव्हं? मग ह्यो बाजार का मांडलाय?"

"आसू दे की. हाताशी बरं पडतंय."

"मग कपाट काय पूजायला ठेवलंय? ह्यी डावीकडची बाजू तर चालू हाय. उघडून दावा बगू मला."

आक्का पुढं झाल्या. संधिवातानं त्यांची बोटं वाकडी झालेली. बारकी गोल मूठ त्यांच्या चिमटीत बसेना. दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा झडपेची कशीबशी अर्धी घडी पडली आणि तिथंच अडली. घडीत बोट घालून ओढावं म्हणून त्यांनी हात पुढं केला, आणि भाजल्यासारखा झटकन मागं घेतला. डाव्या करंगळीचं नख काळंनिळं झालेलं मिस्त्रींनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"हे कवा?"

"दिवाळीत. सापडलं त्या घडीत."

"मला सांगायचं न्हाई व्हय?"

"कुणाकुणाला सांगू?" आक्कांचा आवाज चढला. "पोरगं म्हणतंय, आई, जोरात ओढू नगंस. सून म्हणती, मला हाक मारा, मी देते काढून. तू येतोस, तीनदा उघडून दावतोस नि जातोस. सकाळी लुगडं पायजे म्हणून सुनंला हाक मारायची. ती बिचारी घाईत, हाताला येईल ते काढून देती. दोन वर्सं झाली फक्रुद्दीन, आज कुठलं नेसायचं ते मी ठरवलेलं न्हाई. म्हणून शेवटी हे भाईर काढून ठेवलं. तर त्यावरबी, आई, खोलीचा उकिरडा केलाईस."

मिस्त्रींच्या घराण्याची एक रीत होती. नवं दार बसलं की पहिल्यांदा ते मालकानं उघडायचं, आणि मालकाचा हात कसा चालतो ते सुतारानं बघायचं. अडलं तर तिथंच रंधा मारायचा. बापानं हे शिकवलं होतं आणि त्यांनी ते कधी चुकवलं नव्हतं. पण मालक म्हणजे ज्यानं काम दिलं तो, असं धरून त्यांनी आदर्शचा हात बघितला होता. कपाट कुणाचं, हे विचारायचं त्यांच्या टाळक्यातच आलं नाही. नंतर इतक्यांदा येऊन चाक बघितलं, ट्रॅक बघितला, तेलाची बाटली संपवली. त्यांना लाज वाटली. आणि लाज वाटली की मिस्त्री जास्तच चिडतात.

"सरा बाजूला," ते गरजले. "आता हे थेर हितं ऱ्हाणार न्हाई."

त्यांनी चारही झडपा उतरवल्या, त्यांना जोडणाऱ्या पट्ट्या काढल्या, वरचा ट्रॅक उपटून गॅलरीत फेकला. जोडीनं उघडली तर दारं कॉटवर आपटणार हे खरं, पण एकटी झडप सव्वा फुटाचीच होती. म्हणजे प्रत्येक झडप सुटी केली की प्रश्नच मिटला. दुकानातून सागाची एक उभी पट्टी आणून त्यांनी कपाटाच्या मधोमध बसवली. दोन झडपा त्या पट्टीला, दोन कडेच्या चौकटीला, प्रत्येकीला तीन बिजागऱ्या. जुन्या मुठी काढल्या. आक्कांना कपाटापुढं उभं केलं, त्यांचा हात सहज जिथं पोचला तिथं पेन्सिलीनं खूण केली, आणि चार बोटं आत जातील अशा लांब मुठी लावल्या. एवढी साधी गोष्ट दोन वर्षांपूर्वी सुचली नाही म्हणून दिवसभर ते स्क्रूंना शिव्या देत होते.

संध्याकाळी आदर्श आणि अनुजा घरी आले.

"मामा, हे काय केलंय? सरकारी ऑफिसातल्या कपाटागत झालं की! व्हिडिओ बघितला न्हाई काय?"

"न्हाई. तुज्या आईचा हात बघितला."

"आणि ही मधली पट्टी किती दिसतीय ओ," अनुजा म्हणाली.

"दिसू दे. आक्का, उघडा."

आक्कांनी मुठीत बोटं अडकवली आणि झडप उघडली. मग दुसरी. मग चारही उघडून त्या नुसत्याच आत बघत राहिल्या. अनुजा लुगडी आत ठेवायला पुढं झाली, तर त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, मी लावते." एकेक लुगडं हातात घेऊन, कुठलं वर, कुठलं खाली, असा विचार करत त्यांनी सगळी लावली. त्यात अर्धा तास गेला. मिस्त्रींना घाई होती, पण ते दाराशी उभे राहिले.

"फक्रुद्दीन," आक्का म्हणाल्या, "ह्याला कुलूप बसंल काय रं?"

आदर्श हसला. "घरात कुलूप कशाला आई? हितं चोर कोण हाय?"

"चोर कोण न्हाई. पर दोन वर्सं माझं कपाट मी सोडून सगळ्यांनी उघडलंय."

आदर्शचं हसू तिथंच थांबलं. मिस्त्रींनी पिशवीतून एक कुलूप काढलं आणि पटाशीनं खाच पाडून उजवीकडच्या जोडीला बसवलं. कुलपाबरोबर दोन किल्ल्या होत्या. अशा वेळी एक किल्ली घरच्या कर्त्याकडं जाते, हे ठरलेलंच. आदर्शनं सवयीनं हात पुढं केला.

"एक माझ्याजवळ ऱ्हाऊ दे मामा. आईनं हरवली म्हणजे?"

मिस्त्रींनी दोन्ही किल्ल्या आक्कांच्या तळहातावर ठेवल्या. आक्कांनी वाकड्या बोटांची जमेल तशी मूठ वळली.

"हरवली तर माझी हरवंल," त्या म्हणाल्या.