वॉर्डाचा आकडा आणि सासऱ्यांचं गाऱ्हाणं

साथीच्या दुसऱ्या वर्षी मी दिवसभर लोकांना फोन करायचे आणि संध्याकाळी लोकांचे फोन टाळायचे. मी महापालिकेच्या शाळेत शिकवते. शाळा बंद होत्या, म्हणून आम्हा काही जणींना वॉर्ड ऑफिसच्या वॉर रूममध्ये बसवलं होतं. रुग्णाला फोन लावायचा, ताप विचारायचा, ऑक्सिजन विचारायचा, घरात आणखी कुणाला खोकला आहे का ते खोदून खोदून काढायचं, आणि संध्याकाळी वॉर्डाचा तक्ता भरून वर पाठवायचा. तक्ता गेला रे गेला, की जोगेश्वरीतल्या आमच्या बिल्डिंगमधून मेसेज सुरू व्हायचे. 'ताई, आज किती?'

आकडा काही गुपित नव्हता. तासाभरात तो सगळ्यांच्या मोबाइलवर यायचाच. पण माझ्याकडून तो आधी कळण्यात त्यांना ताज्या मासळीची गोडी होती. आमची बिल्डिंग जुन्या चाळीच्या जागेवर उभी राहिलेली, चार मजल्यांची. मध्ये चौक आणि चारही बाजूंनी गॅलऱ्या. मी गेटमधून आत शिरले की गॅलऱ्यांतून माणसं मास्क सावरत ओणवी व्हायची. चप्पल काढायच्या आधी मला आकडा सांगावा लागायचा, नाहीतर जिना चढू दिला नसता.

प्रत्येकाची आकडा पचवायची रीत वेगळी. सोसायटीचे सेक्रेटरी कालचा आकडा पेन्सिलने खोडून आजचा लिहायचे आणि चष्मा कपाळावर चढवून 'हं' म्हणायचे. तो 'हं' चढ्या आकड्याला वेगळा आणि उतरत्याला वेगळा. दुसऱ्या मजल्यावरचा शिंपी आकडा कितीही असो, 'खरा डबल असणार' म्हणायचा. तिसऱ्या मजल्यावर एक कॅथलिक मावशी राहते, इथल्याच जुन्या गावठाणातली. तिचा स्वयंपाक आकड्यावर चालायचा. आकडा उतरला की सुरमई, चढला की पेज. तिच्या खिडकीतून कसला वास येतोय त्यावरून उशिरा घरी येणाऱ्यांना वॉर्डाची तब्येत कळायची.

आणि माझे सासरे गाऱ्हाणं घालायचे. सासरे सिंधुदुर्गातले. आधी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर आरेतल्या दुधाच्या केंद्रावर. गावी देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे आहे. एकाने देवाला हाक मारून सगळ्यांच्या वतीने मागायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागणीला होकार भरायचा, अशी ती रीत. पहिल्या लाटेत आकडा ऐकून माणसं गॅलरीतच गप्प होऊन उभी राहायला लागली, तेव्हा एका संध्याकाळी ते चौकात उतरले आणि म्हणाले, "नुसतो आकडो ऐकान काय करतल्यात? देवाक सांगूक नको?"

तेव्हापासून रोज सात वाजता ते चौकाच्या मध्यभागी उभे. अंगात स्वच्छ सदरा, मास्क हनुवटीवर, हात जोडलेले.

"बा देवा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," चारही मजले.

"आज ह्या वॉर्डात इतकी माणसां आजारी पडली म्हणान सून सांगता. तेंका सगळ्यांका बरी कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आमच्या बिल्डिंगीत एकय नाय. तां तसांच ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

या शेवटच्या होकाराला जो आवाज लागायचा, तो पलीकडच्या बिल्डिंगला ऐकू जावा म्हणूनच लावलेला असायचा. तिथे चार रुग्ण निघाले होते. आमच्यात मालवणी घरं जेमतेम सहा, पण होकार सगळे भरायचे. मावशी 'व्हय म्हाराजा' म्हणून छातीवर क्रूस काढायची. मी घाटावरची, साताऱ्याकडची. लग्नाला सतरा वर्षं झाली तरी माझा 'व्हय' अजून घाटावरचाच निघतो असं सासऱ्यांचं मत आहे. पण खरं सांगते, दिवसभर परक्यांची दुखणी ऐकून आल्यावर त्या पाच मिनिटांत माझा जीव भांड्यात पडायचा. एवढी माणसं एका सुरात काहीतरी मागतायत, याचाच मला आनंद व्हायचा.

आमचं भांडण व्हायचं ते सोमवारी. सोमवारी आकडा हमखास उतरलेला असायचा आणि सासरे देवाचे आभार मानून ऐटीत जिना चढायचे. एका सोमवारी मी बोलून गेले. "बाबा, हा देवाने नाही, रविवारने उतरवलाय. रविवारी तपासण्याच कमी होतात, मग आकडा वाढणार कुठून?"

"म्हणजे देवान कायच करूक नाय?"

"देवाचं मला माहीत नाही. मी रकाने भरते."

त्या रात्री ते माझ्याशी बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी गाऱ्हाण्यात एक नवी ओळ आली. "तपासणी वाढूक दे नि आकडो उतरूक दे रे म्हाराजा." एका दमात दोन उलट्या गोष्टी मागितल्यामुळे लोक क्षणभर घुटमळले, मग जोरात 'व्हय म्हाराजा' झालं. सासऱ्यांनी वर आमच्या गॅलरीकडे असं पाहिलं की मला हसू आवरेना. वॉर रूममध्ये ही गोष्ट मी सगळ्यांना सांगितली, आणि शेवटी मान ताठ करून हेही जोडलं की आमच्याकडे अजून शून्य आहे.

या शून्याने आमची वाट लावली. ते कुणालाच मोडायचं नव्हतं. कुणाला साधी शिंक आली तरी चारही गॅलऱ्या तिकडे वळायच्या, मग शिंकणारा 'मिरची, मिरची' असं दोनदा सांगायचा. माणसं उशीत तोंड खुपसून खोकायला लागली. एका घरात रात्रीची जेवणं झाल्यावरही मिक्सर फार वेळ फिरायचा आणि चटणी काही दिसायची नाही. मला हे सगळं दिसत होतं. दिवसभर फोनवर लोकांना 'लपवू नका, तपासून घ्या' म्हणून ओरडणारी मी, घरी आल्यावर कानावर हात ठेवायचे. ते शून्य मलाही गोड लागत होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग एका गुरुवारी गाऱ्हाणं लवकर संपलं. एरवी सासरे आधी गावच्या देवाला बोलवायचे, मग वेशीवरच्या राखणदाराला, मग गुंफेतल्या जोगेश्वरीला, आणि मावशीसाठी गावठाणातल्या चर्चमधल्या मायेला. त्या दिवशी ते थेट आकड्यावर आले. शिंपी वरून म्हणाला, "काका, आज फटाफट उरकलंत, झकास." सगळे हसले. मी नाही हसले. दिवसभर मी माणसांचे श्वासच ऐकते. सासरे तीन शब्द बोलत होते आणि थांबत होते.

घरात आल्यावर मी दार लावलं. "बाबा, खोकला कधीपासून आहे?"

"खयचो खोकलो?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या भाकरीकडे इतक्या लक्ष देऊन बघत होत्या की मला काय ते कळलं. दोन दिवस ते मोरीत नळ सोडून खोकत होते, आणि सासूबाईंना ते माहीत होतं. सासूबाईंना साखरेचा आजार आहे. दोघांच्या अंथरुणांमध्ये दोन हातांचं अंतर. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"उद्या सकाळी तपासणी," मी म्हटलं.

"नाय."

"का नाय?"

"मी थय उभो ऱ्हवान सगळ्यांसाठी मागतंय, आणि मीच ह्या बिल्डिंगीचो पयलो आकडो होव? लोकांका तोंड खय दाखवू?"

"तोंड दाखवायला आधी माणूस शिल्लक लागतो, बाबा."

हे मी बोलायला नको होतं. सासूबाईंच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. पण मी भ्याले होते, आणि भ्याले की माझी जीभ सुटते. तशी माणसं मी फोनवर रोज ऐकत होते. गुरुवारी 'काही नाही हो, घसा बसलाय' म्हणणारी, आणि रविवारी ज्यांचा फोन मुलगा उचलतो ती. मी सासऱ्यांना ते सगळं सांगितलं. ते भिंतीकडे बघत बसले. नवरा ड्युटीवरून आला, त्यानेही सांगून पाहिलं. ऐकतील ते सासरे कसले.

शेवटी मी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले. म्हटलं, "बाबा, उद्या सात वाजता तुम्ही हात जोडून देवाला सांगणार, बिल्डिंगीत एकही नाही. देवाला खोटा आकडा देणार?"

गाऱ्हाण्यात देवापासून काही लपवायचं नसतं. आहे ते आधी त्याच्यासमोर ठेवायचं, चुकलंमाकलं कबूल करायचं आणि मग मागायचं. नाहीतर मागितलेलं त्याच्यापर्यंत पोचतच नाही. ही रीत माझी नव्हे, त्यांची. त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलेली.

त्यांनी नाकाला बोट लावून पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "नाकात काडी घालतत, ती दुखता काय गो?"

"वळवळतं जरा," मी म्हटलं, आणि उठून मोरीत गेले. नळ सोडून रडले. त्या घरात नळाला तेवढंच काम उरलं होतं.

सकाळी आमच्या चौघांच्या तपासण्या झाल्या, आणि त्या शुक्रवारी संध्याकाळी आम्ही दार लावूनच बसलो. शनिवारी दुपारी निकाल आले. सासूबाई, नवरा आणि मी नाही. सासरे हो. ऑक्सिजन चांगला होता, म्हणून दिवसातून तीनदा मोजायच्या अटीवर डॉक्टरांनी हॉस्पिटलची गरज नाही म्हणून सांगितलं. पण आमच्या दीड खोलीत त्यांना वेगळं ठेवणार कुठे? मी हे सेक्रेटरींना फोनवर घाबरत घाबरत सांगितलं. ते 'हं' म्हणाले, आणि हा 'हं' मी आधी कधी ऐकला नव्हता. तासाभरात त्यांनी तळमजल्यावरचं सोसायटीचं ऑफिस रिकामं केलं, फायली स्वतःच्या घरात नेल्या आणि आपली लोखंडी खाट तिथे टाकली. मावशीने दारात पेजेचा डबा ठेवला आणि वरून ओरडून सांगितलं की त्यात खाली एक तुकडा सुरमईचा आहे, तो आधी खा. तोंड लपवायला सासऱ्यांना कुणी सवडच दिली नाही. त्याच संध्याकाळी मिक्सरवाल्या घराने तपासणीचा नंबर मागितला. शिंप्यानेही मागितला. पुढच्या दोन दिवसांत अकरा जण जाऊन आले, त्यातले आणखी काही निघाले आणि आमचं शून्य पुरतं धुळीला मिळालं. कुणी त्याचं सुतक पाळलं नाही.

त्या शनिवारीच सात वाजता माणसं सवयीने गॅलऱ्यांत आली होती. आम्ही घरात अडकलेलो, म्हणून मी आमच्या दारापुढेच उभी राहिले. वॉर रूममधल्या मैत्रिणीने आकडा फोनवर पाठवला होता. मी तो सांगितला. चौक रिकामा होता. 

मग सेक्रेटरी खालून म्हणाले, "ताई, तुम्हीच घाला."

बाईने गाऱ्हाणं घातलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, त्यातून घाटावरच्या बाईने. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले.

"बा देवा महाराजा."

"म्हाराजा," खालच्या ऑफिसच्या खिडकीतून आवाज आला. "महाराजा काय? म्हाराजा म्हण."

सगळी बिल्डिंग हसली. मीही हसले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा. आज वॉर्डाच्या आकड्यात आमचं एक माणूस आहे. त्याला बऱ्यांच्या रकान्यात घाल रे म्हाराजा."

असं मागायचं मी काही ठरवलं नव्हतं. तक्त्यात बरे झालेल्यांचा एक रकाना असायचा, मी तो रोज भरायचे आणि आजवर मला तो कुणी विचारला नव्हता. मीही कुणाला सांगितला नव्हता. 'व्हय म्हाराजा' इतका मोठा झाला की पलीकडच्या बिल्डिंगचे लोक बाहेर आले. थोड्या वेळाने त्यांनीही होकार भरला, एक ओळ उशिरा.

दुसऱ्या दिवसापासून लोकांनी दोन आकडे विचारायला सुरुवात केली. मी दोन्ही सांगायचे. सासरे खिडकीशी खुर्ची ओढून माझी मालवणी सुधारायचे. चौथ्या दिवशी ताप चढला आणि ते खिडकीशी आले नाहीत.  मी मुद्दाम तीन चुका केल्या, तरी आवाज नाही. पाचव्या दिवशी मी 'इडापीडा' म्हटलं आणि खिडकीतून बारीकसा आवाज आला, "इडापिडा गो." सासूबाई दारातच खाली बसल्या आणि हसायला लागल्या, त्यांचं हसणं थांबेना.

दोन आठवड्यांनी मी पुन्हा कामावर जायला लागले. एका संध्याकाळी बऱ्यांच्या रकान्यात आकडा टाकताना मला माहीत होतं की त्यात एक घरचा आहे. तक्त्यात नावं नसतात. मी तो आकडा तीनदा तपासला, मग पाठवला, आणि रिक्षा करून घरी आले.

सासरे चौकात उभे होते. सदरा खांद्यांवर ढगळ झालेला, आधाराला एक हात खुर्चीच्या पाठीवर. मी आधी बऱ्यांचा आकडा सांगितला, मग दुसरा. त्यांनी खुर्ची सोडली आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा. आज इतकी माणसां बरी झाली म्हणान सून सांगता." ते थांबले. श्वासासाठी नाही, हे मला ऐकू आलं. "त्यातलो एक मी आसंय रे म्हाराजा."

होकार भरताना माझा 'व्हय' घाटावरचाच निघाला, आणि त्या दिवशी मला कुणी सुधारलं नाही.