आक्काचे हात बरे होईपर्यंत

दर मे महिन्यात माझी थोरली बहीण, आक्का, मुंबईहून गावी यायची. गिरण्यांच्या संपाच्या दुसऱ्या वर्षी ती आली नाही. जेवायला येणारी माणसं टाकून कशी येऊ, एवढंच पत्रात होतं, आणि अक्षर तिचं नव्हतं. आक्काला लिहिता येतं. मग पत्र दुसऱ्याच्या हातचं का? शाळेला सुट्टी लागताच मी सावंतवाडीहून एसटीत बसले.

परळला उतरले तेव्हा सकाळचे सात वाजले होते. पूर्वी या वेळी पाळी सुटायची आणि कामगारांच्या गर्दीतून वाट काढावी लागायची. आता माणसं दारांतून, पायऱ्यांवर, दुकानांच्या फळ्यांवर नुसती बसलेली होती. एकाने मला पिशवी न्यायला मदत करू का म्हणून विचारलं. नको म्हटल्यावर त्याला वाईट वाटलेलं दिसलं.

लालबागला मसाला कांडणाऱ्या डंकांच्या गल्लीमागे आक्काची चाळ. भावोजी गेल्यापासून ती दोन खोल्यांत गिरणी कामगारांची खानावळ चालवत होती. पूर्वी चौदा जण जेवायचे, आता पाच उरले होते. बाकीचे आपापल्या गावी गेले. दार उघडून तिने माझ्याकडे पाहिलं, हसली, पण जवळ घेतलं नाही. मे महिन्याच्या घामात तिने मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घातलं होतं.

दुपारी कुळथाची पिठी (कुळथाच्या पिठाची पातळ आमटी), भाकरी आणि सुकटीची चटणी होती. मी भाकऱ्यांना मदत करायला गेले, तर तिने परात ओढून घेतली. बाही वर सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत मधासारख्या पिवळ्या खपल्या धरल्या होत्या, त्यांच्या कडेने ओल आणि लाली. बोटं सुजली होती. पत्र दुसऱ्याने का लिहिलं, ते मला कळलं.

तीन आठवड्यांपासून असं होतं. शेजारणीच्या नवऱ्याचं गजकर्ण ज्या मलमाने बरं झालं, तीच ट्यूब आक्का जाड थापून वर चिंधी बांधत होती. दोन दिवस बरं वाटलं की सोडायची, परत उठलं की परत लावायची. ती ट्यूब मजल्यावरच्या चार घरांत फिरून आलेली होती.

लालबागच्या दवाखान्यात यायला ती तयार होईना. तिथे सगळे ओळखीचे. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही घोडपदेवच्या चाळींमधून चालत माझगावला गेलो. चर्चच्या मागे एका बैठ्या घराच्या ओसरीवर दवाखाना होता. डॉक्टरीणबाई मूळच्या मुंबईच्याच ख्रिस्ती घरातल्या, पांढऱ्या केसांच्या. त्यांनी आक्काचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि कितीतरी वेळ पाहिले. मग ट्यूब वाचली.

हे गजकर्णाचं, त्या म्हणाल्या, आणि यात खाज दाबणारं औषधही आहे. आग शमते, पण खाली जंतू वाढतच राहतात. आक्काला झालेला संसर्ग जंतूंचा होता; त्याला वेगळं मलम लागणार होतं. आधी कधी कुठल्या औषधाने अंगावर पुरळ उठलं होतं का, ताप येतो का, हे त्यांनी विचारलं. मग मलम कसं लावायचं ते करून दाखवलं. प्रथम आपले हात साबणाने धुवायचे. खपल्या कोमट पाण्याच्या फडक्याने भिजवून मऊ करायच्या, साबणाने हलके धुऊन कोरड्या करायच्या. मग तुरीच्या दाण्याएवढं मलम घेऊन पातळ पसरायचं आणि पुन्हा हात धुवायचे. दिवसातून तीनदा, सात दिवस. बरं वाटलं म्हणून मध्ये सोडायचं नाही, आणि न विचारता सात दिवसांपुढे न्यायचं नाही. मलमानेच आग झाली, पुरळ उठलं तर थांबवून यायचं. तीन दिवसांत फरक नाही, लाली पसरली किंवा ताप आला, तर लगेच यायचं. मग पोटातून औषध द्यावं लागेल. टॉवेल वेगळा, आणि ट्यूब कुणालाही द्यायची नाही.

"आणि हे सुकेपर्यंत पिठात हात घालायचा नाही," त्या शेवटी म्हणाल्या.

परतताना माझगावच्या टेकडीवरच्या बागेत आम्ही बसलो. खाली गोदीतल्या क्रेन दिसत होत्या.

"हात वायट (वाईट) दिसले, की माणूस ताटावरसून उठता," ती म्हणाली. "नऊ गेले. आता हे पाच पण गेले, तर मी रांधू कोणासाठी?"

मी तिची पाठ चोळत राहिले.

संध्याकाळी पाची जण पाटावर बसले, तेव्हा तिने बाह्या वर केल्या आणि स्वतःच सगळं सांगितलं. हात पुसायचा टॉवेल सगळ्यांचा एकच, म्हणून प्रत्येकाने आपलं अंग बघावं, असंही म्हणाली. तातू नावाचे वयस्क कामगार होते, त्यांच्या हनुवटीवर तशीच एक खपली निघाली. मी खाली मान घालून बसले. आता हे उठणार, असं मला वाटलं.

भिवा उठला. साताऱ्याकडचा, गिरणीत साचे (माग) चालवणारा, फार न बोलणारा माणूस. तो मोरीत गेला, कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले आणि परातीपाशी बसला.

"मावशी, हाताला काम न्हाई म्हणून आम्ही दिवसभर बसूनच हाय. तुम्ही नुसतं सांगा."

आक्काने पदर डोळ्यांना लावला. मग पिठाला पाणी किती गरम हवं ते सांगू लागली.

तातूंना डॉक्टरकडे जायचा कंटाळा. एवढीशीच तर खपली आहे, तुझंच जरा बोटभर दे, म्हणाले. कुणाला कधी नाही न म्हणणारी माझी आक्का ट्यूब मुठीत धरून म्हणाली, "ह्या माझा औषध. तुमका देवचा नाय. उद्या डॉक्टरणीक दाखवा." दुसऱ्या दिवशी भिवाच त्यांना घेऊन गेला.

मलम लावायचं काम माझं. पहिल्याच दिवशी मी घाई केली. खपली नीट भिजायच्या आत ओढली आणि रक्त आलं. आक्काऐवजी मलाच रडू आलं. मग मी फडकं ठेवून शंभरापर्यंत आकडे मोजू लागले. तीही माझ्याबरोबर मोजायची. लहानपणी तिनेच मला आकडे शिकवले होते.

चौथ्या दिवशी ओल थांबली. सातव्या दिवशी खाली गुलाबी कातडी दिसली. डॉक्टरीणबाईंनी हात उलटसुलट पाहून मलम बंद करायला सांगितलं. तातूंची हनुवटीही सुकत आली होती. त्या दिवशी आक्काने परात पुढे घेतली, तर भिवा तव्यापाशीच बसून राहिला. तिनेही त्याला उठवलं नाही. ती थापायची, तो भाजायचा.

निघताना त्याने मला भाकऱ्या बांधून दिल्या. महाडला गाडी थांबली तेव्हा मी फडकं सोडलं. वरची भाकरी कडेला जाड, मध्ये करपलेली. ती त्याने एकट्याने केली असणार. मी सगळी खाल्ली.

गावी ज्याने त्याने विचारलं, संप कधी मिटणार? ते मला सांगता येईना. दहा दिवस मी मुंबईत होते आणि माझ्यापाशी सांगण्यासारखं एवढंच होतं, की आक्काने आपले हात दाखवले आणि ताटावरून कुणी उठलं नाही.