फोन खाली ठेवून चढणारा

आयर्लंडमधल्या एनिसच्या हॉस्पिटलात मी ज्युनियर डॉक्टर होतो, तेव्हा पुढच्या हॉलचं उंच छत रंगवायला ब्राझीलचा एक माणूस यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. परांचीसारखा चाकांचा स्कॅफोल्ड टॉवर पुढे सरकवायचा असला की तो दर वेळी आधी खाली उतरायचा. रिकामा टॉवर ढकलायचा, चारही चाकांचे ब्रेक पायाने दाबून बघायचा आणि मग आतल्या शिडीने वर चढायचा.

फोन मात्र खालीच, पिशवीत असायचा. रोज दुपारी बाराच्या सुमाराला तो वाजायचा. ब्राझीलमध्ये तेव्हा सकाळ असायची आणि शाळेची बस यायच्या आधी त्याची मुलगी फोन करायची. तो ब्रश ठेवून, एकेक पायरी धरत, सावकाश उतरायचा. तोवर फोन वाजायचा थांबलेला असायचा. परत लावला की बायको सांगायची, आत्ताच गेली ती.

"फोन वर का नेत नाहीस?" मी एकदा न राहवून विचारलं.

"डॉक्टर, तिचा आवाज ऐकला की माझे हात घरी जातात," तो म्हणाला. "वर असताना ते मला इथे लागतात."

त्या संध्याकाळी मी नागपूरला फोन लावला आणि आई बोलत असताना दुसरं काहीच केलं नाही.

काम संपायच्या आदल्या दिवशी तो खाली पोचला तरी फोन वाजतच होता. त्याने तो उचलला आणि पलीकडून मुलगी भरभर बोलू लागली. तो भिंतीला टेकून फरशीवर बसला आणि नुसता ऐकत राहिला.