आप्पांची शाबासकी आणि मेट्रोचं दार

मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात रबराच्या पट्ट्या बनवतो. मेट्रोच्या डब्यांची दारं असतात ना, त्यांच्या कडांना ही पट्टी बसते. एवढंच माझं काम. बारा वर्षं मी हेच करतोय आणि बारा वर्षं आप्पा, म्हणजे माझे वडील, पाहुण्यांना सांगतायत, "पोरगं चपलांच्या कारखान्यात हाय."

"चपला नाय हो आप्पा! मेट्रो! विजेवरची गाडी!"

"व्हय, पण तू त्यातलं रबरच करतो ना?"

आता बोला! आप्पांचा उभा जन्म लासूर स्टेशनच्या मोंढ्यात कांदा तोलण्यात गेला. कौतुक करायची त्यांना भारी ॲलर्जी. (मी दहावीत शाळेत पहिला आलो, तर म्हणाले, "बाकीची पोरं आजारी व्हती काय?") त्यांच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, शाबास ऐकायचं, एवढीच माझी इच्छा. म्हणून आमच्या पट्ट्या बसवलेल्या नव्या बनावटीच्या गाड्या पुण्यात धावायला लागल्या, तसं आप्पांना, आईला आणि बायकोला, शोभाला, घेऊन मी पुणं गाठलं.

गाडी आली. धूर नाय, खडखडाट नाय! "अगं बया!" आई म्हणाली. आप्पा तर जागीच थिजले. नव्या बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यांनी डब्यावरून हात फिरवला. दार सरकलं.

"कोण उघडतंय रे?"

"कुणीच नाय आप्पा. आपोआप!"

"लई भारी काम हाय," ते पुटपुटले. पण हे गाडीला होतं, मला नव्हे.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. लासूरला गाडी जेमतेम थांबते. म्हणून घरच्या कर्त्यानं खाली उभं राहायचं, माणसं चढवायची, पिशव्या चढवायच्या, काही राहिलं का ते बघायचं आणि सगळ्यात शेवटी आपण चढायचं. हा मान कायम आप्पांचा. पण आज गाडी माझी, म्हणून कर्ताही मीच!

"आई, चढ! शोभा, पिशव्या घे! आप्पा, आत व्हा!"

सासू-सुना जागा धरायला डब्याच्या पार दुसऱ्या टोकाला पळाल्या. (निम्मा डबा रिकामा होता, पण सवय!) मी ऐटीत मागं वळून फलाट न्याहाळला. काहीच राहिलं नव्हतं. वळतो तर दार बंद! राहिलो होतो तो मी!

"आप्पा! पुढच्या स्टेशनला उतरा!" मी ओरडलो.

पण आप्पांचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. गाडी अजून सिग्नलला उभी होती आणि काचेतून दिसलं, ते दाराची पट्टी बघत होते. वरपासून खालपर्यंत त्यांनी बोट फिरवलं. फटीतून वारा येतो का, ते गाल लावून पाहिलं. मग शेजारच्या गृहस्थाला आधी पट्टी दाखवली, नंतर मला दाखवलं. आणि माझ्याकडं बघून ते बोलायला लागले. चांगलं लांबलचक बोलले! डोळे पुसत बोलले! मी काचेला कान लावला.

"काय म्हणता? मोठ्यानं बोला!"

एक अक्षर ऐकू येईना. पुढं उतरायची मी हातानं खूण केली आणि गाडी निघून गेली.

मागच्या गाडीनं मी पुढचं स्टेशन गाठलं. तिघं बाकावर बसले होते.

"आप्पा, आत काय म्हणत व्हते तुम्ही?"

"तुझ्या कामाबद्दल बोललो."

"मग परत सांगा की!"

"एकदा सांगितलं ना! सारखं सारखं सांगायला मी काय कीर्तनकार हाय?"

आई आणि शोभा दुसऱ्या टोकाला, त्यांनीही काही ऐकलं नव्हतं. तर मंडळी, बारा वर्षांनी बापानं माझं तोंडभरून कौतुक केलं आणि त्यातला एक शब्द माझ्या पट्टीनं बाहेर येऊ दिला नाही. पट्टी मात्र एक नंबर बनवलीय हो मी!