बद्रीनाथचा आवाज

जालन्यात प्लॉटचे एजंट पैशाला पासरी आहेत. त्यात बद्रीनाथचं नाव निघालं की लोक एवढंच म्हणायचे, तो फोन उचलतो. आता फोन उचलणं हा काय गुण झाला, असं कुणी म्हणेल. ज्यानं प्लॉट घेतलाय तो नाही म्हणणार. इसार हातात पडेपर्यंत एजंट तुमच्या दारात बसलेला असतो, आणि खरेदीखत झालं की त्याचा फोन कायमचा रेंजबाहेर जातो. बद्रीनाथ मात्र जेवताना उचलायचा, लग्नाच्या पंगतीत उचलायचा. एकदा न्हाव्याच्या खुर्चीत अर्ध्या दाढीवर उचलला आणि तसाच गिऱ्हाइकाला घेऊन जागा दाखवायला गेला. उचलला की एकच बोलणं, "हं, बोला ताई," नाहीतर "हं, बोला दादा." बायको चिडवायची की मला कधी एवढ्या गोडीनं बोला म्हणत नाहीत.

दुसरी एक खोड होती त्याला. उन्हाळ्यात जागा दाखवली तर इसार घ्यायचा नाही. काळी जमीन वाळली की सगळी सारखीच दिसते, एखादा चांगला पाऊस होऊन जाऊ द्या, पाणी कुठं थांबतं ते तुमच्या डोळ्यांनी बघा, मग ठरवा, असं सांगायचा. यात त्याचे किती सौदे मोडले याचा हिशोब त्यानं ठेवला नाही, पण त्याच्या भागीदारानं, भागवतनं, नक्की ठेवला असणार.

वडीगोद्रीची गोपिकाबाई त्याला अशीच भेटली. तिचा नवरा बिरू मेंढरं राखायचा. रानोमाळ हिंडून पाय दुखायला लागले, तेव्हा मेंढरं विकून हायवेच्या कडेला जागा घ्यायची, पुढं किराणा आणि मागं घर, असं दोघांनी ठरवलं. जी जागा त्यांनी पसंत केली ती बद्रीनाथनं स्वतःच मोडीत काढली. पावसानंतर त्यांना तिथं नेलं, तर जागेचं तळं झालेलं. मग थोडी उंचावरची दुसरी दाखवली, ती त्यांनी घेतली. गोपिकाबाईला पुढचा ना पाठचा, एकही भाऊ नव्हता. त्या वर्षी राखीपौर्णिमेला तिनं बद्रीनाथला बोलावून राखी बांधली. भावकीत कुजबूज झाली, हा आपल्या जातीतला नाही, नात्यातला नाही, याला कशाला राखी. बिरू म्हणाला, ज्यानं आपल्या घरात पाणी शिरू दिलं नाही तो भाऊच. तेव्हापासून भाऊबीजेला बद्रीनाथ वडीगोद्रीला जायचा, ओवाळून घ्यायचा, ताटात साडी ठेवायचा आणि पोट फुटेस्तोवर जेवून यायचा.

मग समृद्धी आली, म्हणजे धंद्यात. फोन इतके वाढले की दोन माणसांना उचलवेनात. भागवतनं एका कंपनीकडून व्हॉट्सअॅपवर बोलणारा सहायक घेतला. खरं सांगायचं तर ती चीज कामाची होती. पुण्यात नोकरीला असलेला माणूस रात्री जागेची चौकशी करायचा, त्याला तिथल्या तिथं नकाशा जायचा, सातबारा जायचा, ड्रोनवरून काढलेला व्हिडिओ जायचा. पूर्वी एवढ्यासाठी त्या बिचाऱ्याला रजा टाकून यावं लागायचं. सहायक बोललेला निरोप ऐकायचा, समजायचा आणि उलट बोलून उत्तर द्यायचा. तेही कुणाच्या परक्या आवाजात नाही, खुद्द बद्रीनाथच्या. कंपनीच्या माणसानं पंखा बंद करून त्याला घामाघूम होईपर्यंत वाचायला लावलं होतं. "हं, बोला ताई" हेसुद्धा आठवणीनं भरून घेतलं होतं.

बद्रीनाथ हरखून गेला. चहाच्या टपरीवर तो मोबाइल टेबलावर ठेवायचा, कुणाचा तरी निरोप यायचा, मोबाइल त्याच्या आवाजात उत्तर द्यायचा आणि हा बशीतला चहा फुर्र करत हसायचा. लोकांना कळतही नाही, असं मोठ्या कौतुकानं सांगायचा. ते कौतुक पुढं त्याला आठवलं की त्याचे कान तापायचे. त्या वर्षी भाऊबीजेलाही तो गेला नाही. सगळ्या गिऱ्हाइकांना शुभेच्छा गेल्या, त्यात गोपिकाबाईलाही गेल्या, पणतीच्या चित्रावर याचा फोटो.

एका सकाळी भागवतनं सहायकाचा मासिक अहवाल उघडला. जागा पाहून गेलेल्या गिऱ्हाइकाला संध्याकाळी आपोआप विचारणा जाते की भेट कशी वाटली, पाचपैकी तारे द्या. सगळीकडे चार, पाच, चार, पाच. एकाच ठिकाणी एक तारा. नाव गोपिकाबाई, वडीगोद्री. भागवत म्हणाला, तुझ्या बहिणीनंच आपलं नाक कापलं की. बद्रीनाथला काही उमगेना. गोपिकाबाईला पुन्हा कशाला जागा पाहायची होती? त्यानं तिचा निरोप लावला.

आधी नुसतं रडणं ऐकू आलं. मग ती बोलू लागली. बिरू गेला. दुकानात बसल्या बसल्या छातीत कळ आली, अंबडला नेईपर्यंत संपलं. फोन केला तर उचलत नाही, म्हणून यात बोलून राह्यले, असं म्हणून ती पुन्हा रडली आणि बराच वेळ बिरूचंच सांगत राहिली. शेवटी म्हणाली, "भाऊ, रविवारी तेरवं हाय. सकाळीच या. लुगडं तुमालाच टाकायचंय, मला दुसरं कोन हाय."

त्यांच्यात रीत अशी की तेराव्याला माहेरच्या माणसानं विधवेच्या अंगावर लुगडं टाकायचं आणि हाताला धरून तिला दुखवट्याच्या जागेवरून उठवायचं. तोवर तिनं बसून राहायचं. हे बद्रीनाथला चांगलं माहीत होतं.

खाली उत्तर होतं, त्याच्याच आवाजात, तितक्याच गोडीनं. "हं, बोला ताई. तुमचा निरोप मिळाला. रविवारी सकाळी वडीगोद्रीला मी स्वतः हजर राहीन. काही काळजी करू नका." यंत्राला रविवार कळला, सकाळ कळली, गाव कळलं, या म्हटलेलं कळलं. त्यानं जागा दाखवायची वेळ नोंदवून टाकली. एरवी अशी नोंद भागवत बघायचा, पण वडीगोद्रीला आता विकायला जागाच उरली नव्हती, म्हणून त्यानं ती सोडून दिली होती. तो रविवार होऊनही बरेच दिवस झाले होते.

बद्रीनाथनं साडी घेतली आणि गाडी काढली. वाटेत त्याच्या डोक्यात एकच घोळत होतं, काय सांगायचं. आजारी होतो म्हटलं तर ती लगेच विश्वास ठेवील, उलट तब्येत विचारील. खोटं बोलायचं तर अगदी सोपं होतं. पण त्याला वाटलं, खरं सांगितलं तर निदान एवढं तरी कळेल की शब्द देऊन मोडणारा मी नव्हे. स्वतःची अब्रू वाचवण्याचा खटाटोप तो खरेपणाच्या नावाखाली करत होता आणि हेही त्याला आतून कळत होतं.

दुकान उघडं होतं. गोपिकाबाई काउंटरमागे बसली होती, कपाळ मोकळं. याला पाहून उठली, खुर्ची पुसून दिली. "बसा, साहेब," म्हणाली.

एवढ्या वर्षांत तिनं त्याला कधी साहेब म्हटलं नव्हतं. चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

तिची मुलगी मोनिका चहा घेऊन आली. तिनंच त्या दिवसाचं सगळं सांगितलं. आई सकाळपासून बसून होती. भावकी म्हणत होती, तो काही येत नाही, उरका. आईनं मोबाइल लावून सगळ्यांना त्याचा आवाज ऐकवला, माझा भाऊ शब्दाचा पक्का आहे म्हणाली. पंगत थांबली, भात थंड झाला, म्हातारी माणसं उपाशी बसली. ऊन कलल्यावर शेवटी बिरूच्या चुलतभावानं, पुंजारामानं, लुगडं टाकून तिला उठवलं. माहेरचं लुगडं सासरच्या माणसानं टाकलं, ही चर्चा अजून गावात चालू होती. पाहुणे चपला घालत होते तेवढ्यात मोबाइल वाजला. भेट कशी वाटली, तारे द्या. मोनिकानं ते सगळ्यांसमोर वाचलं होतं. तारा तिनंच दिला होता.

गोपिकाबाई मुलीला गप्प बस म्हणाली नाही. बद्रीनाथला मान वर करवेना. त्यानं साडीची पिशवी पुढं केली आणि घाईघाईनं सगळं सांगून टाकलं. ते उत्तर माझं नव्हतं, ताई. मशीन आहे, माझा आवाज भरलेला आहे, तेच सगळ्यांना बोलतं. मला यातलं आज सकाळपर्यंत काही माहीत नव्हतं.

गोपिकाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

"मंग म्या रडले," ती म्हणाली, "ते कुनी ऐकलं?"

बद्रीनाथनं तोंड उघडलं. हं, बोला ताई, एवढंच जिभेवर आलं, आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

"कुनीच न्हाई, ताई," तो म्हणाला.

तिनं हळूच मान हलवली. साडीची पिशवी उचलली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. तेवढ्यात बाहेर एक म्हातारा येऊन उभा राहिला, तिच्या नावानं हाक मारली. ती लगबगीनं काउंटरकडे गेली, काय पाहिजे बाबा म्हणून विचारलं, आणि म्हातारा आठवत आठवत एकेक सांगत होता तोवर त्याचं ऐकत उभी राहिली.