डागाऐवजी वाफ

माझी मोठी मुलगी दोन वर्षांची असताना तिच्या पोटावर तापल्या सळईचा डाग द्यायचं आमच्या घरात ठरलं. मला कोणी विचारलं नाही. मी तिची आई होते, एकोणीस वर्षांची, आणि त्या घरात माझं मत पोळ्यांना मीठ किती घालायचं एवढ्यापुरतंच चालायचं.

सन तीसच्या आगेमागची गोष्ट. सोलापुरात साखर पेठेजवळ आम्ही राहत होतो. सासू-सासरे नव्हते, त्यामुळे घर थोरल्या दिरांच्या शब्दावर चालायचं. ते कोर्टात कारकून होते. मुलीचे वडील हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. पाण्याची वाफ कशी होते, ती कशी पसरते, हे मुलांना फळ्यावर आकृती काढून समजावण्यात त्यांचा हातखंडा होता, असं त्यांचे विद्यार्थी सांगत.

थंडीचे दिवस होते. आमच्याकडची थंडी म्हणजे कोरडी ठणठणीत, ओठ आणि टाचा फुटायच्या. मुलीला दोन दिवस साधं पडसं होतं. तिसऱ्या दिवशी रविवार होता, गिरणीचा भोंगा नव्हता, तर तिच्या खोकल्यानंच घर उठलं. कुत्र्याचं पिल्लू भुंकावं तसा तो आवाज. श्वास आत घेताना गळ्यातून शीळ वाजायची. रडायला तोंड उघडायची, पण आवाज घोगरा होऊन आतच राहायचा.

जाऊबाईंनी शेगडी आणली, गोवरीच्या निखाऱ्यावर ओवा आणि कांद्याची सालं टाकली आणि खोलीची खिडकी लावून घेतली. तेव्हा घरोघर असंच करत, त्यांना मी दोष देत नाही. पण धूर कोंडला तशी पोरगी जास्तच घुसमटली. मी खिडकी उघडली, तर थोरले दीर बाहेरूनच ओरडले की वारं लागेल, बंद करा. मुलीच्या वडिलांनी उठून खिडकी बंद केली. माझ्याकडे न बघता केली.

मी तिला शालीत गुंडाळलं आणि मागच्या दारानं शेजारी गेले. शेजारी एक तेलुगू विणकर कुटुंब होतं. त्या घरातली बाई माझ्या आईच्या वयाची. घरात मागावर लुगडी विणायची. तिनं मुलीचा श्वास ऐकला आणि मागावरून उठलीच. बायकांच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई आवारातच राहते, रविवारीही बघते, एवढं ती म्हणाली आणि टांगा बोलावून स्वतः माझ्याबरोबर बसली. घरात न सांगता मी पहिल्यांदाच कुठं गेले होते.

डॉक्टरीणबाईंनी चमच्याच्या दांड्यानं जीभ दाबून घसा पाहिला. त्यांना घटसर्पाची भीती होती. घशात पांढरं काही दिसलं नाही तेव्हा त्यांचा चेहरा जरा सैल झाला. श्वासनलिकेला आतून सूज आहे, त्या म्हणाल्या. धूर अजिबात नको, रडू द्यायचं नाही, उचलून घ्यायचं, आणि हवा ओलसर ठेवायची. किटलीत पाणी उकळत ठेवा, वाफ चादरीच्या आडोशात सोडा. किटली मुलीच्या हाताला लागणार नाही इतकी लांब हवी, आणि आडोशात पेटते कोळसे न्यायचे नाहीत, हे त्यांनी मला दोनदा म्हणायला लावलं. ओठ निळे दिसले किंवा निजलेली असताना छाती आत ओढली गेली तर असाल तशा निघून या, असंही सांगितलं. माझ्याशी इतकं सविस्तर, मला समजेल असं धरून, त्या गावात पहिल्यांदाच कोणी बोललं होतं.

आम्ही परतलो तर अंगणात एक म्हातारा चुलीपाशी बसला होता. थोरल्या दिरांनी त्याला जवळच्या खेड्यातून बोलावून घेतलं होतं. चुलीत सळई होती, टोक लाल झालेलं. मुलीला बघून तो समजुतीनं म्हणाला, "पोरीला डबा झालाय बाई. लई उशीर करू नगा. एकदा चटका दिला की मोकळी हुतीय." लहान पोरांची छाती भरून दम लागला की त्याला खेड्यात डबा म्हणत. माणूस वाईट नव्हता. त्याच्या गावात शंभर पोरांना त्यानं असेच डाग दिले असतील, आणि त्यातली जगली ती त्याला दिसत असतील.

थोरले दीर ओसरीवर उभे होते. माझ्या कपाळावरून पदर पुढं होता. त्यांच्याशी मी तीन वर्षांत एक वाक्य सरळ बोलले नव्हते. काही हवं असलं तर जाऊबाईंमार्फत. ते मला नाही, मुलीच्या वडिलांना म्हणाले की पोरीला धर, हात-पाय घट्ट धर.

आणि मुलीचे वडील खरोखर पुढं आले. त्यांनी हात पुढं केले.

ते हात मला अजून दिसतात. खडूनं कोरडे पडलेले, स्वच्छ नखांचे. पोरीला घेऊन कुठं गेली होतीस, हे त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही.

मी म्हणाले, "भाऊजी, हिला कोणी हात लावायचा नाही. मी डॉक्टरकडे जाऊन आले आहे."

थोरले दीर म्हणाले की कोणाला विचारून गेलीस. मी तडक त्यांच्याच खोलीत गेले. घरात लोखंडी पलंग एकच होता, मच्छरदाणीच्या दांड्यांचा, आणि तो त्यांचा. त्यावर मुलीला निजवलं आणि दाराला आतून कडी घातली.

मग मला कळलं की माझ्याकडे किटली नाही, पाणी नाही, विस्तव नाही. दोन जाड चादरी तेवढ्या होत्या. त्या मी दांड्यांवरून सोडल्या. बाहेरून मुलीचे वडील हळू आवाजात म्हणत होते, "दार उघड. दादांचा अपमान होतोय." तीन वेळा म्हणाले. मुलगी कशी आहे, एकदाही नाही.

मागच्या खिडकीवर टकटक झाली. जाऊबाई होत्या, शेजारणीकडून सगळं ऐकून आलेल्या. त्यांनी चहाची किटली, पाण्याची कळशी आणि पेटलेली शेगडी खिडकीखाली बाहेर आणून ठेवली होती. शेजारीण पोकळ वेळूचा हातभर तुकडा घेऊन आली. किटलीच्या चोचीला ओली चिंधी गुंडाळून तिनं वेळू बसवला, गजांमधून आत सरकवला. शेगडी बाहेर, वाफ आत, आणि पलंग वेळूच्या टोकापासून चांगला दोन हात लांब. खिडकीकडच्या चादरीचं टोक मी गजांना अडकवलं आणि मुलीला मांडीवर घेऊन आडोशात बसले. काही वेळानं चादर दमट झाली, आणि ती भुंकत भुंकत का होईना, माझ्या खांद्यावर मान टाकून पडली.

दुपारभर त्या दोघी बाहेर उन्हात बसून कोळसे घालत होत्या. जाऊबाई एकदाच बोलल्या. गजांना तोंड लावून म्हणाल्या, "माझ्या पहिल्याला डाग दिला होता. मी त्याचे पाय धरले होते." तो मुलगा राहिला नव्हता एवढं मला माहीत होतं. डागाचं मला कोणी सांगितलं नव्हतं. चिंधी सैल होऊन वेळू हलला, तो आतून नीट करताना माझं मनगट भाजलं. त्या चटक्यानं बरंच वाटलं. रागानं मला काहीतरी फोडायचं होतं आणि हाती तो चटकाच होता.

संध्याकाळी शीळ कमी झाली. मी दार उघडलं तेव्हा म्हातारा भाकरी खाऊन निघून गेला होता. पुढं दोन दिवस खोकला राहिला, मग गेला. थोरल्या दिरांनी देवाला नारळ फोडला आणि आल्यागेल्याला सांगितलं की देवानं सांभाळलं. शेजारणीचं नाव कोणी काढलं नाही. जाऊबाईंना मात्र महिनाभर बोलणी खावी लागली.

मुलीच्या वडिलांशी मी किती दिवस बोलले नाही, ते मोजलं नाही. एकदा जेवताना ते म्हणाले, दादांसमोर मी कसा बोलणार होतो. मी म्हणाले, "बोलायचं नव्हतं. फक्त हात पुढं करायचे नव्हते." त्यांनी ताटातला भात संपवला.

आता माझा नातू डॉक्टर आहे. तो म्हणतो, आजी, त्या आजारात वाफेचा फारसा उपयोग होतो असं काही दिसत नाही, उलट पोरं भाजतात, बहुतेकांचं आपोआपच उतरतं. असेल. मी त्याच्याशी वाद घालत नाही. माझ्यापुरतं खरं एवढंच की त्या दुपारी माझ्या मुलीला धूर लागला नाही, चटका बसला नाही, आणि ती माझ्या मांडीवर होती. मुलीच्या वडिलांना जाऊन वीस वर्षं झाली. दरवर्षी श्राद्धाला मी सगळं रीतीनं करते, त्यांच्या आवडीची खीर करते. राग काही गेलेला नाही.